दोन हातांचे संगीत : वनराज भाटिया

कोकणातल्या गावांना स्वरपट्ट्यांचे वाद्य नवे नाही. महाड-पोलादपूरकडच्या भजनात आणि कीर्तनात पेटी असतेच. पण पेटीवादकाचा एक हात भात्यावर अडकलेला असतो आणि दुसरा गायकाच्या मागोमाग जातो. पियानोवर दोन्ही हात मोकळे. डाव्याने उजव्याची री न ओढता आपली स्वतंत्र चाल धरायची. अनेक स्वरावलींनी एकाच वेळी नांदणे हे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे एक मर्म आहे. ते परदेशी जाऊन पूर्णपणे आत्मसात करायचे आणि मग त्याला श्रोता जवळजवळ नसलेल्या देशात परत यायचे, हा प्रसंग वनराज भाटिया यांच्यावर आला.

भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजी मुंबईतल्या कच्छी गुजराती कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी घेऊन एम. ए.; पियानोचे धडे माणेक भगत यांच्याकडे. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये हॉवर्ड फर्ग्युसन यांच्याकडे रचनाशास्त्र आणि त्यानंतर पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांचे शिष्यत्व. आरन कोपलंड आणि आस्तोर पियात्सोला यांना घडवणारी हीच ती गुरू. १९५९ साली भाटिया परतले. १९६० ते १९६५ या काळात त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवले. पण पोट भरले ते जाहिरातींच्या संगीताने. हजारो जाहिराती त्यांनी केल्या. वादकाने मैफलीऐवजी साबणासाठी सूर लावावेत याची कुणी हळहळ करील, पण अर्ध्या मिनिटात एक वातावरण उभे करण्याची शिस्त त्यांना तिथेच लागली असावी, असे मला वाटते.

ही शिस्त 'अंकुर'पासून (१९७४) श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांत दिसू लागते. साहित्याच्या अभ्यासकांना त्यातला 'भूमिका' (१९७७) विशेष जवळचा, कारण त्याचा आधार हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका'. या चित्रपटात नायिकेच्या आयुष्याबरोबर चित्रपटगीतांची शैलीही दशकादशकाने बदलत जाते. त्या त्या काळाचा वाद्यमेळ आणि गळा लावण्याची रीत भाटियांनी इतक्या बारकाईने उभी केली, की ती गाणी जुन्या तबकड्यांवरून उचलल्यासारखी वाटतात. याला नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. लेखकाने पात्रागणिक बोली बदलावी, तसे हे काम आहे. आणि पूर्वसूरींच्या शैलीत लिहून पाहण्याचा सराव झालेल्या विद्यार्थ्याला ते साधले. 'सांगत्ये ऐका' वाचलेल्यांनी हा चित्रपट एकदा कानांनी पाहावा.

१९८८ साल त्यांच्या कारकिर्दीत अपूर्व ठरले. 'तमस'च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी दूरदर्शनवर 'भारत एक खोज' सुरू झाली. तिच्या आरंभी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त आणि वसंत देव यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद वृंदगानातून येतो. सृष्टीच्या उगमाबद्दलचा प्रश्न एका गळ्याने विचारण्यापेक्षा अनेकांनी मिळून विचारला, की त्यातला अचंबा वाढतो. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी असलेल्या पोलादपुरात संस्कृत काव्य परके नाही. पण त्या भाषेला असा समूहस्वर पियानोच्या पेठेत शिकलेल्या माणसाने द्यावा, याचे नवल वाटते. मैफलीच्या सभागृहात जे श्रोते त्यांना मिळाले नाहीत, ते असे घराघरांत मिळाले. पडद्यावरचे नाव मात्र किती जणांनी वाचले असेल?

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९८९) आणि पद्मश्री (२०१२) हे सन्मान यथावकाश आले. पियानोसाठीचा 'फँटेशिया अँड फ्यूग' किंवा गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा 'अग्निवर्षा' हा ऑपेरा ही त्यांची स्वतःची म्हणावी अशी कामे मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी ऐकली. उतारवयात पैशांची ओढाताण होत असल्याच्या बातम्या छापून आल्या. त्याच सुमारास, २०१९च्या जानेवारीत, चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईतल्या आपल्या कार्यक्रमात भाटियांची एक रचना वाजवली. तेव्हा त्यांचे वय ९१ होते. ७ मे २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.