‘घरीच तर असते!’ : सांभाळणाऱ्यांच्या हक्काची गोष्ट

म्हातारपणाचा विषय निघाला की आपण म्हाताऱ्यांविषयी बोलतो. मी आज त्यांना उठवणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या, औषधाची वेळ सांभाळणाऱ्या घरच्या माणसाविषयी बोलणार आहे. ब्रिटनमध्ये कायद्याने या माणसाची दखल कशी घेतली, ते पाहू.

मेरी वेबस्टर ही अविवाहित बाई. चर्चमध्ये धर्मोपदेशक होती. १९५४ मध्ये आईवडिलांना सांभाळण्यासाठी तिनं ते काम सोडलं. १९६३ मध्ये तिनं वर्तमानपत्रांतून आपल्यासारख्या लेकींची अडचण मांडली. शेकडो पत्रं आली. नोकरी सुटलेली, म्हातारपणाची तरतूद नाही, आणि आईवडील गेल्यावर जायचं कुठे? १९६५ मध्ये या एकट्या स्त्रियांची संघटना उभी राहिली.

पुढे १९७६ मध्ये सरकारने भत्ता सुरू केला. गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाची आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करणाऱ्यासाठी तो होता. पण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला तो नाही! का? तर ती घरीच असते, तिचं नुकसान ते काय!

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थोडं थांबू द्या. ‘बायका सांभाळतात’ हे झालं वर्णन. त्यावरून ‘बायकांनीच सांभाळावं, तेही फुकट’ हे सिद्ध होत नाही. कायद्याने मात्र ते गृहीत धरलं होतं.

जॅकलिन ड्रेक या विवाहितेनं १९८४ मध्ये आईसाठी नोकरी सोडली आणि भत्ता मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. २४ जून १९८६ रोजी निकाल तिच्या बाजूनं लागला. गंमत बघा, आदल्याच दिवशी सरकारने विवाहितांनाही भत्ता देण्याचं जाहीर केलं होतं! मग १९९५ चा कायदा आला. मोठा भार नियमित उचलणाऱ्याला ‘मला हे कितपत झेपतंय, ते तपासा’ असं स्थानिक प्रशासनाला सांगण्याचा हक्क मिळाला. मदत मिळेलच याची हमी त्यात नव्हती. पण निदान विचारणं बंधनकारक झालं.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. आईवडिलांचा निर्वाह मुलांनी करायचा; त्यांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. योग्यच आहे. पण जी टाकून देत नाही, रात्री चार-चारदा उठते, तिच्या विसाव्याची तरतूद त्यात नाही.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतोय? माझी आई शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. मी तेव्हा महाविद्यालयात ‘कर्तव्य’ ही संकल्पना शिकवत होतो. आईला कूस बदलून देत होती माझी पत्नी. तुला झेपतंय का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. घरीच तर होती ना!

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आज असं माणूस असेल, तर घरी गेल्यावर तेवढं विचारा. आणि आजची रात्रपाळी तुम्ही करा.