कुत्र्यांमधील क्रीडा

पिल्लांची आपसांत व मोठ्या कुत्र्यांशी चालणारी लुटुपुटूची झटापट, पाठलाग व ओढाताण. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लू इतरांशी नाते जोडायला शिकते, असे स्कॉट व फुलर यांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवले.

पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग उंच धरणे, हे खेळाचे आमंत्रण. मान झटकून चावा घेण्याच्या आगेमागे कुत्री ही मुद्रा अधिक वेळा घेतात, असे मार्क बेकॉफ यांना १९९५ मध्ये आढळले. ‘हे भांडण नव्हे’ असाच तो खुलासा असावा. दुधाचे दात सुईसारखे असतात. जोराने चावा बसला की भावंड केकाटते, बाजूला होते, खेळ मोडतो. जबड्याचा जोर आवरण्याचा धडा इथेच मिळतो. थोराड कुत्रा कधी आपणहून उताणा पडतो आणि लहानग्याचा धीर वाढतो.

रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती) यांसारख्या वऱ्हाडी गावांत मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांना ही शाळा गल्लीतच मिळते. अशा पिल्लांच्या खेळावरील एस. के. पाल यांचा पश्चिम बंगालमधील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उलट, लसीकरण पुरे होईतो सदनिकेत कोंडलेल्या पाळीव पिल्लाचा नेमका नाते जोडायला शिकण्याचाच काळ हुकतो. लस घेतलेल्या, शांत स्वभावाच्या कुत्र्याशी गाठ घालून देणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय. मात्र शेपूट पोटाशी घेऊन लपणाऱ्या पिल्लाला दांडग्या टोळक्यात सोडल्यास ते धीट होण्याऐवजी अधिकच बुजते.