रुक्मिणीचं गाणं : एका आख्यायिकेच्या तीन चाली

मागच्या खेपेला आपण जर्मन लोकांच्या फाउस्ट या जुन्या आख्यायिकेबद्दल बोललो होतो. सैतानाशी करार करणारा पंडित, ही मूळ गोष्ट. पण संगीतकारांनी त्यातून काय उचललं ते बघा. शूबर्टनं १८१४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पंडिताला बाजूला ठेवून चरख्यापाशी बसलेल्या ग्रेटशेनचं गीत केलं. पियानोत चरखा फिरत राहतो, प्रियकराच्या चुंबनाच्या आठवणीशी थबकतो आणि अडखळत पुन्हा सुरू होतो. पुढे गूनोचा ऑपेरा १८५९ मध्ये पॅरिसला आला. त्यातही तिचीच बाजू इतकी वरचढ, की जर्मनीत तो 'मार्गारेटे' या नावानं होऊ लागला. म्हणजे आख्यायिका पुरुषाची आणि गाणं बाईचं.

यावर एका श्रोत्यानं विचारलं, "आपल्याकडे असं काही आहे का?" आहे, आणि ते नागपूरपासून फार लांबही नाही. अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. परंपरेनं हे रुक्मिणीचं माहेर. आजही इथून तिची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. भावानं, रुक्मीनं, लग्न शिशुपालाशी ठरवलं. मुलीनं एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडला. भागवताच्या दहाव्या स्कंधात हा निरोप फक्त सात श्लोकांचा आहे. आपण सगळे 'रुक्मिणी स्वयंवर' म्हणतो खरं, पण मूळ कथेत राजेरजवाड्यांची सभा भरवून वर निवडल्याचा प्रसंगच नाही. मुलीनं आपला निर्णय आपणच घेतला, तेवढंच तिचं स्वयंवर. संगीताला नेमकी हीच जागा सापडली.

पहिली चाल विदर्भातलीच, ऋद्धिपूरची. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदाइसा ही महानुभाव पंथातली बाई गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहत होती. गोविंदप्रभूंच्या मनात लग्नाचा खेळ आला आणि त्यांच्यासमोर तिनं धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. विषय कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला मान देतो, पण एक गोष्ट पटकन विसरतो. महदाइसा बालविधवा होती. ज्या समाजात विधवेला लग्नमांडवापासून दूर ठेवत, तिथे एक विधवा वऱ्हाडच्या राजकन्येचं लग्न गात होती. आमच्या मते या आख्यायिकेच्या संगीतातला हा सगळ्यात मोठा क्षण आहे. एरवी ज्या गाण्याचा हक्क तिला मिळाला नसता, तो तिनं रुक्मिणीच्या निमित्तानं मिळवला.

पंथाच्या पोथ्यांनी शब्द जपले. नागपूरच्या वि. भि. कोलत्यांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य घालवून महानुभाव वाङ्मय आपल्यापर्यंत आणलं. पण चाल पोथीत उतरत नाही. ती गळ्यातून गळ्यात जाते, आणि मधला एक गळा जरी गप्प झाला तरी तुटते.

दुसरी चाल ओवीची. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पुरं केलं. अठरा प्रसंगांचा हा ग्रंथ घरोघरी गेला. लग्न जमावं म्हणून मुलींनी त्याचं पारायण करायचं, ही रीत आपल्या आज्या-पणज्यांनी पाळली. यातली गंमत लक्षात येते का? आपला वर आपण निवडणाऱ्या मुलीची गोष्ट, आणि ती वाचायची कुणी, तर जिचा वर दुसरेच ठरवणार तिनं! तरी ओवीचा फायदा मोठा होता. तिला गवई लागत नाही, वाद्य लागत नाही. वाचता येणारी एक बाई आणि ऐकणाऱ्या चौघीजणी पुरतात.

तिसरी चाल रंगभूमीची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत स्वयंवर' गंधर्व नाटक मंडळीनं १० डिसेंबर १९१६ रोजी हुबळीत पहिल्यांदा केलं. संगीत भास्करबुवा बखल्यांचं. बुवा आग्र्याच्या नत्थनखाँकडे आणि अल्लादियाखाँकडे शिकलेले. त्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बांधली. बिहाग, यमन, भीमपलास हे राग नाटकाच्या तिकिटावर सामान्य माणसाच्या कानात गेले. पूर्वीच्या नाटकांत साकी-दिंडीसारख्या चाली भरपूर असत, त्यात गोष्ट झरझर पुढे सरके. इथे उलट झालं. गोष्ट थांबते आणि रुक्मिणीचं मन आलापातून उलगडत जातं. प्रेक्षक वन्समोअर देतात, म्हणजे ती आणखी थांबते. शूबर्टचा चरखा थांबतो ना, तसंच काहीसं.

पण ही रुक्मिणी गात होते बालगंधर्व. बाईच्या मनातलं इतकं हळुवार गाणं, आणि बाईला मात्र त्या रंगमंचावर जागा नाही. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका संगीत नाटकात उभ्या राहायला पुढे आणखी बारा-तेरा वर्षं जावी लागली.

तर तीन चाली झाल्या. धवळ्यांत बाई स्वतः गायिली, ओवीत तिनं वाचलं आणि नाट्यपदात तिच्या वतीनं पुरुष गायिला. काळ पुढे गेला म्हणजे आवाजही मोकळा होत जातो, असं आपण धरून चालतो. ही आख्यायिका तसं सांगत नाही. म्हणून आमची एकच विनंती. तुमच्या घरात कुणी आजी, मावशी, आत्या रुक्मिणीच्या लग्नाची गाणी म्हणत असेल, तर या आठवड्यात तिच्यापाशी बसा आणि मोबाइलवर ती गाणी टिपून घ्या. नुसते शब्द लिहून घेऊ नका, चाल टिपा. महदाइसेच्या वेळी ही सोय नव्हती, आपल्याकडे आहे.