मध्यवर्ती फलित (सूक्ष्मसंरचना सादृश्यीकरण)

धातूच्या सूक्ष्मसंरचनेचे सादृश्यीकरण अथवा सिम्युलेशन चालू असताना संगणकीय आज्ञावली ठरावीक कालपदांनंतर जी माहिती साठवते, तिला मध्यवर्ती फलित म्हणतात. तीत प्रत्येक जाळीबिंदूवरील प्रावस्था, संहती, तापमान व स्फटिककणांची दिशा यांची मूल्ये असतात. गणन पूर्ण होण्यापूर्वीच त्यातील दोष ओळखणे हा या फलितांच्या तपासणीचा हेतू असतो. सदोष गणनातूनही दिसायला विश्वसनीय असे चित्र तयार होऊ शकते, म्हणून केवळ चित्र पाहणे पुरेसे नसते.

पार्श्वभूमी

या क्षेत्रात प्रावस्था-क्षेत्र पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिचा पाया कान व हिलियर्ड यांचे १९५८ मधील आणि ॲलन व कान यांचे १९७९ मधील कार्य यांवर आधारलेला आहे. र्‍यो कोबायाशी यांनी १९९३ मध्ये या पद्धतीने वृक्षाकार स्फटिकांची वाढ दाखवली. मायक्रेस, मूज, फायपाय इत्यादी आज्ञावलींतून अशी गणने करता येतात. मिळालेली फलिते अनेकदा पॅराव्ह्यूसारख्या दृश्यीकरण प्रणालीत पाहिली जातात.

तपासणीचे निकष

* वस्तुमानाची अक्षय्यता : बंदिस्त क्षेत्रात विद्राव्य मूलद्रव्याची सरासरी संहती बदलता कामा नये. हा निकष कान–हिलियर्ड समीकरणाला लागू होतो. ॲलन–कान समीकरणातील क्रमप्राचल अक्षय्य नसते, त्यामुळे त्याची बेरीज बदलणे हा दोष नव्हे.
* मुक्त ऊर्जा : स्थिर तापमानाच्या बंदिस्त प्रणालीत एकूण मुक्त ऊर्जा कालानुसार घटत जाते. ती मध्येच वाढल्यास कालपद मोठे असल्याची किंवा समीकरण चुकीचे लिहिले गेल्याची शक्यता असते. तापमान बाहेरून बदलत असल्यास हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही.
* ज्ञात उत्तराशी तुलना : द्विमितीय क्षेत्रात एकटा वर्तुळाकार कण आक्रसत असेल, तर त्याचे क्षेत्रफळ एकसमान दराने घटते. बहुकणी संरचनेसाठी फॉन नॉयमन–मलिन्स नियम वापरतात. कणसीमांची ऊर्जा व चलता सर्व दिशांना समान असल्यास सहापेक्षा जास्त बाजूंचा कण वाढतो, तर कमी बाजूंचा कण लहान होतो.

सामान्य दोष व त्यांची कारणे

शेजारच्या बिंदूंवर आलटूनपालटून उच्च व नीच मूल्ये आल्यास चित्र बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे मर्यादेपेक्षा मोठे कालपद. व्यक्त पद्धतीत जाळीचे अंतर निम्मे केल्यास विसरण समीकरणासाठी कालपद एक-चतुर्थांश करावे लागते. कान–हिलियर्ड समीकरण चौथ्या कोटीचे असल्याने तेथे ते एक-षोडशांश करावे लागते.

कणसीमा मध्येच थांबल्या किंवा गोल कण चौकोनी होऊ लागले, तर आंतरपृष्ठाच्या रुंदीत पुरेसे जाळीबिंदू नाहीत असा संशय घ्यावा लागतो. वृक्षाकार स्फटिकाच्या फांद्या जाळीच्या अक्षांनाच धरून वाढत असतील, तर स्फटिकाची दिशा काही अंशांनी फिरवून गणन पुन्हा केले जाते. फांद्या त्याबरोबर फिरल्या नाहीत, तर तो परिणाम धातूचा नसून जाळीचा असतो.

समांतर गणनात चित्रावर सरळ शिवणीसारख्या रेषा दिसल्यास प्रक्रियकांमधील सीमावर्ती माहितीची देवाणघेवाण तपासली जाते.

दोष नसलेले फरक

प्रत्येक विचलन चूक नसते. वक्र आंतरपृष्ठाजवळील संहती सपाट आंतरपृष्ठाच्या समतोल मूल्यापेक्षा थोडी वेगळी असते. हा गिब्ज–थॉमसन परिणाम आहे. सुरुवातीची आंतरपृष्ठे तीक्ष्ण दिलेली असल्यास पहिल्या काही कालपदांत ऊर्जा झपाट्याने उतरते. तो केवळ आंतरपृष्ठ आपला समतोल आकार घेत असल्याचा परिणाम असतो. दृश्यीकरणासाठीच्या धारिका कमी अचूकतेने साठवलेल्या असल्यास त्यांवरून काढलेल्या बेरजेतही किरकोळ तफावत येते.

महत्त्व

हॉल–पेच संबंधानुसार धातूची नतिसीमा कणांच्या सरासरी व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. त्यामुळे थबकलेल्या कणसीमांमुळे कणांचा आकार प्रत्यक्षापेक्षा लहान आला, तर धातूचे बल प्रत्यक्षापेक्षा जास्त अंदाजले जाते. भागाची रचना अशा अंदाजावर बेतल्यास ती असुरक्षित ठरू शकते.

हे सुद्धा पहा

* स्फटिककण
* मिश्रधातू
* विसरण
* उष्णता संस्करण