घाण्यामागे एक सोल्लगे: उत्तरायणातल्या तेलाची गोष्ट

डिसेंबर लागला की मोबाईलवर छोट्या बाटल्यांच्या जाहिराती सुरू होतात. लॅव्हेंडर, रोजमेरी, चंदन. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, दोन-चार थेंब घ्या, दिवा लावा, सरत्या वर्षाचं ओझं उतरवा आणि नव्यानं सुरुवात करा, असा एकूण सूर. या तेलांना इसेन्शियल ऑइल म्हणतात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही, कारण माझ्या पीएच.डी.चा विषय याच्या बराच जवळ आहे. फक्त तो आठ-नऊशे वर्षं मागे आहे. कल्याणीचे चालुक्य आणि कलचुरी यांच्या काळातले दानलेख मी वाचते, आणि त्यांतल्या तेलाच्या दानांचा माग काढते.

हे वाचताना मंगळवेढा पुन्हा पुन्हा समोर येतं. आज मंगळवेढा म्हटलं की लोकांना दामाजीपंत, चोखोबा, कान्होपात्रा आठवतात, नाहीतर मालदांडी ज्वारी. पण बाराव्या शतकात हे कलचुरींच्या सत्तेचं ठाणं होतं. चालुक्यांचा मांडलिक असलेला बिज्जल इथूनच मोठा झाला आणि पुढे त्यानं कल्याणीची गादी घेतली. बसवेश्वरांनीही आधी मंगळवेढ्यातच बिज्जलाच्या पदरी हिशेबाचं काम केलं, असं परंपरा सांगते.

आता सुगंधी तेल. बिज्जलाच्या आधीच्या पिढीतला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. राजानं कसं खावं, काय ल्यावं, कोणते खेळ बघावेत याचा हा ज्ञानकोशच आहे, आणि त्यात राजाच्या स्नानाचंही प्रकरण आहे. तिथलं तेल कसं, तर केतकी, चाफा अशा फुलांचा वास तिळात मुरवायचा आणि मग ते तीळ घाण्यात घालायचे. म्हणजे फुलाचं तेल काढायचंच नाही, तिळाला फुलाचा वास शिकवायचा! हीच रीत पुढे फुलेल म्हणून उत्तरेत नावाजली. बाटलीतलं आजचं इसेन्शियल ऑइल वाफेवर काढतात, ते फुलापानाचा अर्क असतं. आपल्याकडे मात्र ‘तैल’ हा शब्दच ‘तिल’ वरून आला. तेल म्हणजे आधी तिळाचं, बाकीची सगळी त्याच्या नावावर चालतात.

तीळ हे खरिपाचं पीक. पाऊस सरता सरता काढणी होते आणि थंडीच्या तोंडाशी नवे तीळ घरात येतात. अंग उलतं, ओठ फुटतात, नेमकी तेव्हाच संक्रांत. धर्मशास्त्रानं या योगायोगाचं विधीत रूपांतर केलं आणि तिळाचे सहा उपयोग सांगितले: तिळाच्या पाण्यानं आंघोळ, अंगाला तिळाचं उटणं, तिळाचा होम, तिळोदक, तीळ खाणं आणि तीळ देणं. यानं पाप सुटतं, हा त्यामागचा विश्वास. (भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात संक्रांतीवर विस्तारानं लिहिलंय, हौस असेल त्यांनी जरूर वाचावं.) घराघरांतली भोगीची न्हाणी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण, हा त्याच गोष्टीचा बोलीतला अवतार.

ग्रंथ पापाबद्दल बोलतात. दगड मात्र हिशेबाबद्दल बोलतो, आणि मला तो जास्त आवडतो.

त्या काळच्या दख्खनमधल्या कानडी शिलालेखांत दानाचा दिवस म्हणून ‘उत्तरायण संक्रमण’ इतक्या वेळा येतो की वाचताना पुढचं वाक्य आधीच कळतं. राजा किंवा सामंत जमीन देतो, एखादा कर सोडून देतो. आणि मग खालच्या ओळींत, मोठी नावं संपल्यावर, तेली येतात. ‘तेल्लिग ऐवत्तोक्कलु’, म्हणजे तेल्यांची पन्नास घरं; ही त्यांची संघटना. तिनं काय द्यायचं ठरवलं? देवाच्या नंदादीपासाठी दर घाण्यामागे एक सोल्लगे तेल. सोल्लगे हे छोटंसं माप. पण दान एका दिवसाचं नाही. चंद्रसूर्य असेपर्यंत, असं लेखात कोरलेलं असतं. उत्तरायणाच्या दिवशी राजा जे देतो ते त्याच्या भांडारातून जातं, तेली देतो ते बैलामागे फिरून काढलेलं असतं, आणि ते त्याच्या नातवंडांनाही बांधून ठेवतं. लेखाच्या शेवटी शापही असतोच: हे दान मोडेल त्याला वाराणसीत गाई मारल्याचं पाप. एवढ्याशा मापाच्या राखणीला एवढा मोठा शाप! हे दान भक्तीनं दिलं की बाजारपेठेच्या दबावानं, हा माझ्या प्रबंधातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. माझं मत असं की दोन्ही एकत्र होतं, आणि त्या काळच्या तेल्याला त्यांत फरक करावासा वाटलाही नसेल.

इथे एक गंमत सांगायला हवी. ज्याला हे लेख उत्तरायण म्हणतात, तो दिवस तेव्हाही खरं उत्तरायण नव्हता. बाराव्या शतकातली मकरसंक्रांत त्या वेळच्या ज्युलियन कालगणनेनं २४-२५ डिसेंबरला येई, आणि सूर्य प्रत्यक्षात वळे साधारण दहा दिवस आधीच. कारण आपली पंचांगं सूर्याला ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजतात, आणि संपातबिंदू हळूहळू मागे सरकतो. दर साठ-सत्तर वर्षांनी एक दिवसाचा फरक पडत जातो. आज तो सुमारे चोवीस दिवसांचा झालाय. टिळक पंचांग मानणारी घरं तर १० जानेवारीच्या आसपासच तिळगूळ वाटून मोकळी होतात. मेघनाद साहांच्या समितीनं बनवलेल्या, २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय पंचांगात पौष महिना २२ डिसेंबरला सुरू होतो, म्हणजे सूर्य वळतो त्याच सुमारास. सरकारी राजपत्राच्या मथळ्यापलीकडे त्याची कोणी दखल घेतलेली नाही. लोकांनी सूर्याला सोडलं, तिळाला धरून ठेवलं.

ही तेलाची रीत आज सगळ्यात ठसठशीत दिसते ती मंगळवेढ्याच्या पूर्वेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सोलापुरात. सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांचे समकालीन, कानडीत वचनं रचणारे, सोलापूरला तळं खोदणारे योगी. त्यांची गड्डा यात्रा संक्रांतीलाच भरते. भोगीच्या दिवशी सात नंदीध्वज निघतात आणि शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तेल लावलं जातं. या विधीचं नाव यण्णीमज्जन. कानडी ‘एण्णे’ म्हणजे तेल, ‘मज्जन’ म्हणजे स्नान. मिरवणुकीत मराठी बोलणारे कितीतरी जण हा शब्द रोजचाच असल्यासारखा वापरतात.

तेलानंतर संक्रांतीला अक्षता पडतात. कथा अशी की एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. नंदीध्वज हे त्या योगदंडाचं प्रतीक. घरच्या लग्नात आधी हळद-तेल आणि मग अक्षता, तोच क्रम इथे गावाच्या पातळीवर. किंक्रांतीला होम होतो, आणि कुंभारकन्येचं प्रतीक अग्नीला दिलं जातं. ‘जुनं सोडून देणं’ हे जाहिरातीत किती हलकं वाटतं. या कथेत जी सोडली जाते ती कालची नवरी आहे. मला इथे दरवेळी थांबावं लागतं.

मग शोभेचं दारूकाम होतं, आणि शेवटी येते कप्पडकळी: नंदीध्वजांवरची वस्त्रं उतरवली जातात. ‘कप्पड’ म्हणजे कापड. उघड्या काठ्या घेऊन मानकरी परततात, आणि गड्ड्याच्या मैदानावर पाळण्यांचा गोंगाट आणखी बरेच दिवस चालू राहतो.