गाठीच्या पलीकडे काय आहे?

आजचा एपिसोड मोठ्या आतड्याचा आहे, तेव्हा जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या.

कॅन्सरची गाठ वाढून आतडं पूर्ण बंद झालंय. पोट फुगलंय, शौच नाही, गॅससुद्धा सरकत नाही. ऑपरेशन तातडीचं. पण खालून दुर्बीण घातली तर ती गाठीपाशीच अडते. गाठ डाव्या बाजूला असेल, तर पलीकडचं तीन-चार फूट आतडं कुणी पाहिलेलंच नसतं. आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या साधारण ३ ते ५ जणांना त्याच वेळी आतड्यात दुसऱ्या जागीही कॅन्सर असतो. तो तसाच राहून गेला तर?

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं, पेशंट वाचला हेच खूप. १९२१ मध्ये फ्रेंच सर्जन आंरी हार्टमन यांनी एक पद्धत मांडली: गाठ काढायची, खालचं टोक शिवून बंद करायचं, वरचं टोक पोटावर उघडायचं. ती आजही वापरतात. पलीकडचं आतडं मात्र सर्जन हाताने चाचपून बघायचे. आता मळाने गच्च भरलेल्या आतड्यात छोटी गाठ बोटांना लागणार कशी?

बघायचं तर प्रकाश वळणावरून न्यायला हवा. १९५४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपले मोगाचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. त्यावरून १९५७ मध्ये अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी जठराची लवचिक दुर्बीण केली आणि आधी स्वतःच गिळून पाहिली! १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या कोलोनोस्कोपमधून तारेच्या फासाने पॉलिप काढू लागले.

म्हणजे प्रश्न सुटला? छे! बंद आतड्यात मळ, दुर्बिणीला दिसणार काय?

इथे मला सगळ्यात आवडतो तो १९८० चा जुगाड. ब्रिटिश सर्जन ह्यू डडली आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन टेबलवरच आतडं धुवायची पद्धत मांडली. अपेंडिक्सच्या जागेतून नळी आत घालून लिटरच्या लिटर सलाईन सोडायचं. दुसऱ्या टोकाला भूल देण्याच्या मशिनची ती वळ्यावळ्यांची जाड नळी बांधायची आणि घाण बाहेर काढायची. हेतू होता आतडं लगेच जोडता यावं, म्हणजे पोटावर पिशवी नको. पण धुतलेल्या आतड्यात आता दुर्बीणही चालू शकत होती.

ती चालते कशी? एक डॉक्टर दुर्बीण सरकवतो, सर्जन बाहेरून आतडं हाताने तिच्यावर ओढून घेतो. दिवे मंद केले की भिंतीतून उजेड दिसतो. हवेने लहान आतडं फुगू नये म्हणून त्याच्या टोकाला हलका चिमटा लावतात, नाहीतर पोट शिवताना पंचाईत.

वेळ मात्र खातं हे. पेशंट आधीच खचलेला असेल, तर कित्येक सर्जन ते टाळतात, आणि मला ते पटतं. अशा वेळी ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत कोलोनोस्कोपी करायला सांगतात. घरी कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्डावर ती तारीख आहे का, ते बघा.