सोपारा आणि बौद्ध पुनर्जन्मविचार

बौद्ध मतानुसार विश्व अनादी असून त्याला कोणी निर्माता नाही. प्राणिमात्र कर्मानुसार पुन:पुन्हा जन्म घेतात. मात्र एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा नित्य आत्मा बौद्धांना मान्य नाही. या विचाराचे मूर्त अवशेष पालघर जिल्ह्यातील नालासोपारा (प्राचीन शूर्पारक, पाली, सुप्पारक) येथे सापडले आहेत.

शूर्पारक हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रसिद्ध बंदर. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे १८८२ मध्ये, तर नवव्याचा जवळच्या भुईगाव येथे १९५६ मध्ये मिळाला. नवव्या लेखात लौकिक मंगलविधींपेक्षा धर्माचरण श्रेष्ठ ठरविले असून त्याचे फळ परलोकीही मिळते, असे सांगितले आहे. अशोकाच्या लेखांत परलोक व स्वर्ग यांचा उल्लेख वारंवार येतो, निर्वाणाचा मात्र येत नाही. सामान्य उपासकाची आकांक्षा बहुधा एवढीच असावी.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले व ते टेकाड स्तूप असल्याचे सिद्ध झाले. त्यातील दगडी पेटीत तांब्याचा करंडक व त्याच्या आत एकात एक ठेवलेले चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक होते. सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात मातीच्या भांड्याचे १३ लहान तुकडे निघाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलाल यांचे मत होते. यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणेही सोबत मिळाले. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

तांब्याच्या करंडकाभोवती मांडलेल्या आठ कांस्यमूर्ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या होत. विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप व शाक्यमुनी हे सात बुद्ध आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय, असा हा समूह आहे. परंपरेनुसार विपश्यी ९१ कल्पांपूर्वी, शिखी व विश्वभू ३१ कल्पांपूर्वी होऊन गेले. उरलेले चार चालू भद्रकल्पातील. कल्प म्हणजे विश्वाच्या संवर्त (लय) व विवर्त (विकास) यांचे एक आवर्तन. ते वर्षांत मोजता येत नाही, म्हणून ग्रंथांत दृष्टांत योजिला आहे : शंभर वर्षांतून एकदा तलम वस्त्राने पुसलेला योजनभर उंचीचा पाषाणपर्वत झिजून जाईल, तरी कल्प संपणार नाही. मूर्तींचा काळ सु. आठवे-नववे शतक मानला जातो, म्हणजे त्या नाण्याहून अनेक शतकांनी अलीकडच्या आहेत. त्यावरून स्तूप पुन्हा उघडून त्या आत ठेवल्या असाव्यात, असे दिसते. प्राचीन अवशेषांभोवती भविष्यकाळातील बुद्धही बसविण्याची गरज त्या पिढीला वाटली, हे लक्षणीय आहे.

आत्मा नाही, तर जन्म कोणाचा? मिलिंदपञ्ह या ग्रंथात नागसेनाने याचे उत्तर दिव्याच्या दृष्टांताने दिले आहे. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या व शेवटच्या प्रहरी तीच नसते आणि सर्वस्वी वेगळीही नसते. तृष्णा व अविद्या हे तिचे तेल होय. जग शाश्वत की अशाश्वत यांसारखे प्रश्न मात्र बुद्धाने अनुत्तरित ठेवले. दु:खनिरोधास त्यांचा उपयोग नाही, हे त्याचे कारण.

उदान या पाली ग्रंथातील बाहिय दारुचीरियाची कथा याच बंदराशी निगडित आहे. सोपाऱ्यास सन्मानाने राहणारा हा तपस्वी स्वत:स अर्हत समजत असे. भ्रम दूर होताच तो श्रावस्तीस गेला आणि भिक्षाटनास निघालेल्या बुद्धाला, आयुष्याचा भरवसा नाही म्हणून, तेथेच उपदेश करण्याची त्याने तीनदा विनंती केली. पाहण्या-ऐकण्यात ‘मी’ मिसळू नये, या आशयाच्या अल्प उपदेशाने तो मुक्त झाला. थोड्याच वेळात एका सवत्स गाईच्या हल्ल्यात तो मरण पावला. तो परिनिर्वाण पावल्याचे सांगून बुद्धाने त्याचा स्तूप उभारविला.

आधुनिक काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म (१९५७) या ग्रंथात आत्म्याचा पुनर्जन्म नाकारून देहघटक महाभूतांच्या पुन्हा एकत्र येण्याच्या आधारे पुनर्जन्माचा अर्थ लावला. १९५६ नंतरच्या महाराष्ट्रातील बौद्ध समाजात जातिजन्य विषमतेला पूर्वकर्माचे फळ म्हणण्यास जो विरोध दिसतो, त्यामागे ही मांडणी आहे.